वन्संच्या गॅरेजचं छत

३ फेब्रुवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही आधी दाराला कडी लावली असेल. घाबरू नका, कोणाला काही झालेलं नाही आणि कोर्टाचंही काही उरलेलं नाही. माझ्या भावाशी तुमचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली, पण तुम्हाला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही. तेव्हा वहिनीच म्हणते, चालवून घ्या.

मला पत्रे हवेत.

आमच्या घराला लागून गॅरेज आहे ते तुम्ही पाहिलंय. गाडी विकल्यापासून तिथे रंगाचे डबे, मोडके पंखे आणि आमच्या ह्यांची व्यायामाची सायकल, जिच्यावर आजवर फक्त ओले टॉवेल बसलेत. छत फळ्यांचं होतं. त्याला वाळवी लागली. रोज सकाळी जमिनीवर पिवळा भुसा. शेवटी फळ्या उतरवल्या, आता नुसते वासे दिसतात आणि वासे धड आहेत असं सुतार म्हणतो. पुन्हा लाकूड नको, पुठ्ठ्यासारखे ते बोर्डही नकोत, ओल धरतात. खालून पत्र्याची पॅनेलं लावायची असं ठरलं.

घाई यासाठी, की लेक महिनाअखेर जुळ्यांना घेऊन येतेय, निदान सहा महिन्यांसाठी. तिला मागची खोली द्यायला हवी. त्या खोलीत सध्या एक भाडेकरू आहे. त्याची सोय गॅरेजमध्ये करायची. आमच्या ह्यांनी सरळ सांगून टाकलंय, लेक दारात येईल त्या दिवशी गॅरेज राहण्यासारखं नसेल, तर भाडेकरूने आपली पिशवी उचलायची. आणि हे बोलले की बोलले, तुम्हाला ठाऊक आहे.

दुकानं हिंडून माझ्या चपला झिजल्या. पहिल्याने खुर्ची दिली, गार पाणी दिलं आणि असा भाव सांगितला की ते पाणी ठसक्यात गेलं. दुसरा म्हणाला, "ताई, हॉटेल काढताय का?" तिसरा ट्रकभर घेणार असाल तरच बोला म्हणाला. चौथ्याकडे स्वस्त होता, पण पत्रा इतका पातळ की दाखवता दाखवता त्याच्या हातातच थडथड वाजायला लागला. मी हात टेकले.

तुम्ही पत्र्यांच्या कारखान्यात डिस्पॅचला आहात ना अजून? काही जमेल का? फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तुम्ही पटकन नाही म्हणाल.

तुमची,
वन्सं (अजूनही)

---

९ फेब्रुवारी

वन्सं,

कडी नाही लावली, पण चष्मा पुसून अक्षर दोनदा बघितलं हे खरं. बरं वाटलं. त्या घरातून मला पत्र लिहावंसं वाटणारं एक तरी माणूस निघालं.

पत्र्यांचं जमेल. रंगाला ओरखडा पडलेला किंवा छटा जुळत नसलेला माल आमच्याकडे वेगळा काढतात. पत्रा तोच, जाडी तीच, फक्त दुकानात मिरवायच्या लायकीचा नाही. कामगारांना वर्षातून एकदा तो अगदी नाममात्र भावात मिळतो, स्वतःसाठी किंवा नातेवाईकासाठी. माझी यंदाची पाळी शिल्लक आहे. अर्जावर नात्याच्या रकान्यात 'नणंद' लिहिलं. साहेबांनी भुवया वर केल्या, मी खाली बघितलं नाही.

आता नीट वाचा. मला गॅरेजची लांबी, रुंदी आणि वासे कुठल्या दिशेने जातात ते कळवा. रुंदी दोन्ही टोकांना मोजा, कारण भिंती सरळ असतात हा आपला गैरसमज असतो. या पॅनेलांची एक कड वर आणि एक कड खाली असते. पहिलं पॅनेल भिंतीला चिकटवून लावायचं, दुसऱ्याची कड त्याच्या खाचेत बसवायची, की पहिल्याचे स्क्रू झाकले जातात. असं एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत जायचं, एकाच दिशेने. मागे फिरता येत नाही. माल एकदा कापला की परत घेत नाहीत, तेव्हा आकडे बरोबर द्या.

एक विचारू? भाडेकरूसाठी एवढा जीव कशाला काढताय? त्याला दुसरी खोली बघायला सांगा की. भाडं तरी बरं देतो का?

फोन नकोच. डिस्पॅचमध्ये तसाही कोणाचा आवाज कोणाला ऐकू जात नाही. लिहीत जा.

वहिनी

---

१३ फेब्रुवारी

वहिनी,

देवासारख्या धावून आलात. आमच्या ह्यांना पत्र वाचून दाखवलं. ते "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूप झालं.

मापं सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. त्यातली पहिली खोडलेली आहेत ती सोडून द्या, भाडेकरूने मांडणीपासून मोजलं होतं. भिंत मांडणीच्या मागे आहे हे त्याला सांगावं लागलं. दुसरी खोडलेली आहेत त्यात टेपचं टोक मी धरलं होतं आणि मला दुधाचं भांडं बघायला जावं लागलं. तिसरी बरोबर असावीत.

काम भाडेकरूच करणार आहे. सुताराची मजुरी वाचेल आणि त्यालाही काही उद्योग होईल. बिचारा एकटा आहे हो, कुठे जाणार? स्वभावाने वाईट नाही. नुसता बसून असतो. मी म्हटलं, आधी कचरा काढ, तर झाडू घेतला, अर्धं गॅरेज झाडलं आणि झाडू तिथेच उभा करून चहाला आला. उरलेला अर्धा कचरा माझी वाट बघतोय. माझं डोकं असं भणभणतं ना, काय सांगू.

पण छताबद्दल त्याने मनावर घेतलंय. शिडीवर चढून वाशांवर खडूने मोठी फुली मारून आलाय, बरोब्बर मध्यभागी. तुमचं ते भिंतीपासून सुरुवात करायचं त्याला वाचून दाखवलं, तर म्हणतो, मधून सुरुवात केली की दोन्हीकडे सारखं येतं, डोळ्याला बरं दिसतं, कडा मग कधीही करता येतात. मला काय कळतंय त्यातलं. जमेल ना तसं? माल कधी पाठवाल? दिवस भराभर चाललेत.

तुमची,
वन्सं

---

१७ फेब्रुवारी

वन्सं,

कडा मग कधीही करता येतात.

माझ्या न्हाणीघरात या. बरोब्बर मध्यभागी सुंदर निळ्या फरश्या आहेत, दोन्हीकडे सारख्या, डोळ्याला बऱ्या दिसणाऱ्या. चारी कडांना अजून उघडं सिमेंट आहे. त्या कडांवर मी अनवाणी पाय खरचटून घेत संसाराची निम्मी वर्षं काढली. कपाट मधून रंगवलेलं, बागेचं कुंपण मधून घातलेलं आणि दोन्ही बाजूंनी कुत्री आत. जगाच्या पाठीवर असं काम करणारा दुसरा माणूस असेल तर मला दाखवा, मी त्याचा सत्कार करीन.

भाडेकरू म्हणे! वन्सं, तुम्हाला लाज नाही वाटली? माझ्या पाळीचा माल, माझी सही, साहेबांसमोर मी मान ताठ ठेवून 'नणंद' लिहिलं, आणि तुम्ही मला तुमच्या भावाच्या डोक्यावर छप्पर घालायला लावताय? तेही मला न सांगता? मला वाटलं होतं, या बाईला माझी आठवण आली. आठवण कसली, माझ्या कोट्याची आली.

मी घटस्फोटाच्या कागदावर सही केली तेव्हा एकच ठरवलं होतं, की यापुढे या माणसाचं अर्धं राहिलेलं काही मी पूर्ण करणार नाही. ते तुम्ही चार वर्षांनी मागच्या दाराने माझ्या गळ्यात घालायला निघालात.

अर्ज मागे घेते आहे.

---

२० फेब्रुवारी

वहिनी,

हो, दादा आहे. खोटं बोलले. खरं लिहिलं असतं तर तुम्ही पाकीट फोडून परत चिकटवून पाठवलं असतंत.

आता माझंही ऐका. तुम्ही चिडलात, तुम्हाला चिडायचा हक्क आहे. पण मी कोणावर चिडू? गेल्या उन्हाळ्यात घरमालकाने काढलं म्हणून तो चार दिवसांसाठी आला. ते चार दिवस अजून संपले नाहीत. सकाळी सगळा पेपर वाचतो, त्यातल्या चुका आमच्या ह्यांना सांगतो. ह्यांचे दात खाण्याचे आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येतात. कपडे वाळत घालायला सांगितले तर दोरीच्या मधोमध चार घालतो, बाकी बादलीत. नोकरी धरली, सोडली. धरली, सोडली. त्याला रागावावं तर असा बघतो, की आई आठवते. मग मीच उठते आणि बादलीतले कपडे घालते.

तुम्ही सुटलात, वहिनी. चांगलं केलंत, मी तेव्हाही म्हटलं होतं, सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं. पण नवऱ्याला सोडता येतं तसं भावाला सोडायचं कोर्ट कुठे असतं ते मला सांगा. मी उद्या अर्ज करते.

सव्वीस तारखेला लेक येतेय. त्या दिवशी गॅरेजला छत नसेल तर हे त्याला दारात उभं करणार नाहीत. आणि त्याला जायला कोणी नाही. खरंच कोणी नाही. साठीला आलेला माणूस, वहिनी. कुठल्या बसस्टँडवर झोपेल तो? रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागत नाही.

तुमच्यासाठी नका देऊ, त्याच्यासाठी तर नकाच देऊ. माझ्यासाठी द्या. आणि आठवणीचं म्हणाल तर, तुम्ही गेलात तेव्हापासून या घरात माझ्याशी भांडायलाही धड माणूस राहिलं नाही.

वन्सं

---

२२ फेब्रुवारी
(माणसाच्या हाती)

वन्सं,

आमचा ड्रायव्हर तुमच्या बाजूला येतोय, त्याच्याकडे हे देते. पोस्टाची वाट बघायला तुम्हाला वेळ नाही.

अर्ज मागे घ्यायला गेले होते. साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिले आणि तुमची चिठ्ठी हातात होती, ती खोडलेली मापं. दुसऱ्या मापात टेपचं टोक तुम्ही धरलं होतं हे आठवून मला इतका राग आला, की अर्ज मागे घ्यायचंच राहिलं. राग तुमचा नव्हता.

माल देते. पण माझ्या अटींवर.

बिल तुमच्या भावाच्या नावाने होईल. पैसे त्यांनी भरायचे, तुम्ही नाही. नसतील तर ते मनगटावरचं जाडजूड घड्याळ विकायचं, नाही तरी त्यात वेळ बघून ते कुठे पोचल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. माल घ्यायला त्यांनी स्वतः यायचं. शेजारपाजारचा कोणी नको, तुम्ही नको, तुमचे हे तर मुळीच नकोत. गेटवर सही त्यांची, मोजून घेणं त्यांचं, टेम्पोत चढवणं त्यांचं. चोवीस तारखेला गेट बंद होईपर्यंत माल थांबेल. नंतर तो पुढच्या नंबराला जाईल आणि पुढच्या नंबरवाली बाई आत्ताच माझ्या खुर्चीमागे घुटमळतेय.

आणि ती खडूची फुली पुसा. ही पॅनेलं मधून लावताच येत नाहीत. एकीकडची कड बसेल, दुसरीकडची उलटी येईल. भिंतीपासून. हे माझं मत नाही, पत्र्याची घडणच तशी आहे. त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नाही असं सांगा.

ते आले नाहीत तर ते तुमच्या आणि त्यांच्यातलं. मला कळवूही नका.

वहिनी

---

२७ फेब्रुवारी

वहिनी,

लेक पोचली. दोन्ही बाळं एकाच वेळी रडतात, एकाच वेळी गप्प होतात, त्यामुळे मधल्या शांततेत हे लिहिते आहे.

तुमची चिठ्ठी दादाला वाचून दाखवली. घड्याळाचं वाक्य गाळणार होते, पण तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी मनगटावर घड्याळाच्या जागी नुसता कातडीचा पांढरा पट्टा होता. चोवीसला सकाळी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि मग तासभर खुर्चीत बसून राहिला. आता हा उठत नाही असं धरूनच मी चालले होते. आमचे हे पेपरच्या वरून बघत होते. मी तर ओरडलेच, "अरे, जा की रे आता! की तुला उचलून टेम्पोत घालू?" तर म्हणतो, "ती असेल ना तिथे?" मी म्हटलं, "तिथेच नोकरी करते, कुठे जाईल?" मग उठला.

संध्याकाळी अंधारून आल्यावर परत आला. सगळी पॅनेलं धड. हात सोलवटलेले. मी विचारलं, "भेटली का वहिनी?" तर म्हणाला, "रजेवर आहे म्हणाला गेटवाला." एवढंच. आणि शिडी काढायला गेला.

भिंतीपासून लावलं, वहिनी. पहिलं पॅनेल लावताना तोंडाने पत्र्याला, तुम्हाला आणि मला शिव्या चालू होत्या. पण लावलं. एक निसटून पडलं, त्याचा कोपरा दुमडला, तो ठोकून सरळ केला आणि पुन्हा लावलं. शेवटची अरुंद पट्टी उरली तेव्हा मी श्वास रोखून दारात उभी होते. पट्टी लावायच्या आधी तो शिडीवरून उतरला, तेव्हा मनात म्हटलं, झालं! चहाला आला. तर कात्री घ्यायला उतरला होता. सव्वीसच्या सकाळी कडेची पट्टीसुद्धा बसली. आमचे हे आत जाऊन मान वर करून फिरले. "हं" म्हणाले. दादाची पिशवी त्यांनीच उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवली.

आता माझं भांडण. तुम्ही रजेवर कशा हो? तुम्हीच बोलावलंत, तुम्हीच तारीख दिलीत आणि नेमक्या त्याच दिवशी रजा? ड्रायव्हरकडून मला सगळं कळलंय. माल चढवून झाल्यावरही दादा गेटपाशी उगाच रेंगाळत होता. माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलेल्या वेळी सांगितलेल्या जागी पोचला, आणि बघायला कोणी नाही! एक शब्द बोलला असतात तर काय झिजलं असतं तुमचं? मी तुमची बाजू नेहमी घेतली. पण या वेळी तुम्ही दगडासारख्या वागलात, हे तोंडावर सांगते.

वन्सं

---

४ मार्च

वन्सं,

मी रजेवर नव्हते. गेटवाल्याला तसं सांगायला मीच सांगितलं होतं.

डिस्पॅचच्या खिडकीतून मालाचं आवार सगळं दिसतं. ते आले तेव्हापासून मी खिडकीशी होते. केस फार पिकलेत. शर्ट तुम्ही इस्त्री केलेला नव्हता, कारण कॉलर एकाच बाजूने धड होती, म्हणजे त्यांनी स्वतः केली असणार. त्यांनी पॅनेलं मोजली. मग पुन्हा मोजली. प्रत्येकाची कड बोटाने तपासली. मी इथे बिलं फाडते आहे असं दाखवत होते आणि एकच बिल हातात धरून उभी होते.

माल टेम्पोबाहेर मागे बराच येतो, तो आवळून बांधावा लागतो. ते काम दोन माणसांचं आहे. एकाने दोरी वरून टाकायची, पलीकडच्याने झेलून ताणून धरायची, मग पहिल्याने गाठ मारायची. ड्रायव्हरला मी आधीच सांगून ठेवलं होतं, तू केबिनमधून उतरायचं नाहीस. तुमच्या भावाने दोरी टाकली. पलीकडे गेले, ओढली. इकडे आले, तोवर ती सैल. पुन्हा टाकली. पुन्हा पलीकडे. कितीदा ते मला सांगता येणार नाही. मध्येच थांबून आजूबाजूला बघितलं त्यांनी, आणि ते बघणं मी ओळखते. कोणी आहे का, टोक धरायला. माझा हात दाराच्या मुठीवर होता. मूठ मी अर्धी फिरवलीही होती.

तुम्ही म्हणता, एक शब्द. मी खाली गेले असते तर ते एक शब्दही बोलले नसते. नुसतं दोरीचं टोक माझ्या हातात दिलं असतं, जसं काही मी मघाशीच आत पाणी प्यायला गेले होते आणि परत आले. आणि वन्सं, मी ते धरलं असतं. काही न विचारता, घट्ट. मला त्यांची भीती नव्हती हो, माझीच होती.

शेवटी त्यांनी टोक चाकाला अडकवलं आणि एकट्याने गाठ मारली. ओढून बघितली. दुसऱ्या बाजूला जाऊन तीही ओढून बघितली. टेम्पो गेटबाहेर पडल्यावर मी खाली बसले आणि रडले. घुटमळणाऱ्या बाईने पाणी आणून दिलं.

दगड म्हणालात ते राहू दे, मला राग नाही. त्यांना मात्र सांगू नका की मी होते. गाठ त्यांनी कोणी बघत नसताना मारली आहे, ती तशीच राहू दे.

वहिनी